सातवं कलम

॥ श्री ॥

हिंगोली,
माघ वद्य पंचमी, शके १८६२
(ता. १६ फेब्रुवारी १९४१)

प्रिय उकंडा यास सूर्यकांतचा नमस्कार.

अमरसिंगाच्या गाडीबरोबर पाठवलेलं तुझं पत्र आणि हळकुंडांची पिशवी, दोन्ही परवा दुपारी पोचलं. हळकुंडं विजयानं लगेच गच्चीवर वाळत घातली आणि शेजारणींना दाखवून आली. आमच्या आबांनी शाळेत गिरवून घेतलं तसंच तुझं अक्षर अजून आहे. ओळ सुरू होताना सरळ, संपताना खाली उतरलेली. आबा असते तर छडी घेऊन उभे राहिले असते.

इकडे सर्व ठीक. विजयाचा खोकला थंडीबरोबर जाईल असं वाटतं. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत लागते. घासलेट मात्र मिळेनासं झालं आहे. लढाई सातासमुद्रापलीकडे चालली आहे आणि अंधार आमच्या घरात.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. चावडीवर उर्दूतला मोठा कागद लागला आहे, खाली थोडं मराठी आहे आणि ते मी लिहिलं आहे, असं तुला पटवाऱ्यानं सांगितलं. खरं आहे. इश्तेहार आमच्याच कचेरीतून निघाला आणि तर्जुमा मीच केला. जिनिंगवाल्या शेठजींनी सरकारकडे दरखास्त दिली आहे, की कोंडजळीच्या बंधाऱ्यावर वीज काढायचा परवाना मिळावा. त्याचा तो जाहीरनामा.

तू विचारलंस, गाव बुडणार का? अरे, एक वावरसुद्धा बुडणार नाही. नवं धरण बांधायचंच नाही. दुष्काळाच्या साली आपल्या आज्यांनी दगड वाहून बांधला तोच बंधारा राहणार, त्याची उंची बोटभरही वाढणार नाही. बंधाऱ्याच्या बगलेतून एक पक्का पाट काढतील, तो दोन मैल खाली उतारापर्यंत नेतील. तिथे यंत्रघर होईल. पाणी चाकावर पडेल, चाक फिरेल, वीज होईल आणि पाणी पुन्हा नदीला मिळेल. पाणी कुठे जात नाही की संपत नाही. इंजिनियर साहेबांनी हे मला कागदावर चित्र काढून समजावलं. मला तर फार नवल वाटलं. जे बांधून चाळीस वर्षं झाली, जे नुसतं उभं आहे, त्यातून दिवे लागायचे!

पारूवहिनींनी तुझ्याकडून विचारलं आहे, की उन्हाळ्यात डोहाला पाणी राहील ना. वहिनींना सांग, डोह कुठे पळून जातोय? कागदात लिहिलं आहे की पाण्याची व्यवस्था खात्याच्या नियमाप्रमाणे ठेवली जाईल. एकूण अकरा कलमं आहेत. बरीचशी तारा, खांब, दर, असल्या गोष्टींची आहेत. ती तुला लिहीत बसत नाही.

हरकत घ्यायची तर मुदत आहे, पण ती सरकारी फसली सनाच्या महिन्यानं दिली आहे, खुर्दादची पंधरावी. तो हिशोब तुला कशाला? तशी वेळ आली तर मी कळवीन. माझ्या मते हरकत घेण्यासारखं यात काही नाही. उगीच अर्जफाटे केले की गावाचं नाव साहेबांच्या नजरेत येतं.

माझं म्हणशील तर अजून हंगामीच आहे. नऊ वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी हुकूम येतो तेव्हा विजया देवापुढे साखर ठेवते. यंदा कायम होण्याचा कागद साहेबांच्या मेजावर गेला आहे म्हणतात. बघू.

वहिनींना नमस्कार. द्वारकेच्या लग्नाचं कुठे जमतंय का, ते लिही. मुलगा हिंगोलीतला असेल तर मी चौकशी करीन. वहिनी मला भाऊ मानून ओवाळतात, तेव्हा मामाचं तेवढं काम आहे.

आम्हा दोघांची आठवण ठेव.

तुझा
सूर्यकांत

&nbsp;

॥ श्री ॥

हिंगोली,
पौष वद्य चतुर्थी, शके १८६४
(ता. २५ जानेवारी १९४३)

प्रिय उकंडा यास,

सप्रेम नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवला आहे. गूळ आता मिळतो तसा काळा आहे, गोड मानून घ्या. द्वारका सासरी रुळली हे वाचून बरं वाटलं. सेनगावकडची माणसं साधी असतात.

उत्तराला उशीर झाला. तू त्या दिवशी कचेरीत आलास आणि तुला दोन तास बाहेर बसावं लागलं, त्याबद्दल मनात धरू नकोस. साहेबांपुढे फायली होत्या, मला उठता येत नव्हतं. खरं म्हणजे खिडकीतून तू मला दिसत होतास. लिंबाखाली पागोटं मांडीवर घेऊन बसला होतास. मी बाहेर आलो तर तू उभा राहिलास आणि म्हणालास, "तुमी कामात असाल, पर एक बोलायचं व्हतं."

उकंडा, आपण एका ताटात जेवलो आहोत. तू मला 'तुमी' म्हणालास, ते घरी येईपर्यंत माझ्या कानात राहिलं. आजूबाजूला चपराशी होते म्हणून म्हणालास, असं मी मनाला सांगितलं.

तू म्हणालास, "दत्तजयंतीपासून पात्रात पानी न्हाई. समदं पाटानं चाललंय. बंधाऱ्याखालून यंत्रापतुर नदी कोरडी ठक्क. डोह हाटला. गावच्या हिरीचं पानी मचूळ, जनावरं तोंड लावत न्हाईत. बाया वाळूत झिरे उकरून राहिल्या. हे असं व्हनार व्हतं तर कागदात लिवलं काहून न्हाई?"

मी तुला काय उत्तर दिलं? "वरच्यांना लिहितो" म्हणालो. लिहिलं आहे. म्हणजे कच्चा मसुदा केला आहे. आमच्या हेडक्लार्कांनी तो वाचला आणि म्हणाले, परवाना देऊन झाला, मुदतीत एकही हरकत आली नव्हती, आता नदीत पाणी का नाही हे विचारायचा अधिकार कोणाला? मी म्हटलं, माणसं प्यायला पाणी मागतात. ते म्हणाले, मग विहीर खोल करायची दरखास्त देऊ द्या. तर तशी एक दरखास्त तू दे. मी ती उर्दूत नीट लिहून देतो. उन्हाळ्याआधी मंजुरी मिळवण्याची खटपट करतो.

इकडे मात्र दिवे लागले. जिनिंगच्या आवारात, स्टेशनाकडच्या रस्त्यावर, दवाखान्यात आणि साहेबांच्या बंगल्यावर. दवाखान्यातला दिवा लागला त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. एका बाईला रक्ताची उलटी होत होती आणि डॉक्टरांना तिचं तोंड स्वच्छ दिसत होतं. मला वाटलं, हे काम वाईट नाही. यातलं माझं बोटभर काम वाईट नाही. हे तुला लिहिलं, कारण तू रागात आहेस आणि रागात माणसाला एकच बाजू दिसते.

आणखी एक बातमी. तुला आधीच कळवायची होती, राहून गेली. मी कायम झालो. दीड वर्ष झालं त्याला. परवाना मंजूर होऊन आला, त्याच महिन्यात हुकूम आला. विजयानं पेढे वाटले. तुझ्याकडे पाठवायचे राहिले. का राहिले, ते सांगता येत नाही.

भाऊबीजेला आलो नाही म्हणून वहिनी रागावल्या असतील. लागोपाठ दोन वर्षं चुकली. त्यांना सांग, पुढच्या दिवाळीला नक्की येतो. मला दुसरी बहीण नाही हे त्यांना ठाऊक आहे.

बायांना पात्रात फार वेळ बसू देऊ नकोस. थंडीची वाळू ओली असते, कंबर धरते.

जास्त काय लिहू? तिळगूळ सगळ्यांना वाट.

सूर्यकांत

&nbsp;

॥ श्री ॥

हिंगोली,
वैशाख वद्य एकादशी, शके १८६५
(ता. ३० मे १९४३)

उकंडा,

आज मायना लिहायला हात धजत नाही. तू आणि द्वारका नीट असाल, म्हणजे जगत असाल, एवढीच आशा करतो.

चैत्र वद्य अष्टमीला पारूवहिनी गेल्या, तेव्हा मी दहाव्याला आलो, तेराव्यालाही आलो. तुझ्या ओसरीवर बसून रडलो. ते रडणं खोटं नव्हतं. पण तुझ्याकडे तोंड करून मला रडता आलं नाही, हे तू पाहिलं असशील. लोकांना वाटलं, भाऊ आहे, धक्का बसलाय. द्वारका माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मामा, माय पान्याला गेली व्हती वो, पान्यानंच नेली." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्या वेळी काढून घ्यायला हवा होता.

मग चौकशी झाली. वैशाख शुद्ध त्रयोदशीला डाकबंगल्यात परभणीहून हाकिम आले. त्यांना मराठी येत नाही, म्हणून दुभाषा म्हणून मलाच उभं केलं. मी आजारीपण सांगू शकलो असतो. सांगितलं नाही, कारण मला भीती होती की माझ्या जागी दुसरा कोणी आला तर काय काय विचारलं जाईल. हे पहिलं खरं. पुढची सगळी याच्याहून वाईट आहेत.

तुझी भावजय सखुबाई आधी उभी राहिली. तिचं बोलणं मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे, कारण मला ते उर्दूत म्हणायचं होतं. ती म्हणाली, "आमी दोघी झिरा उकरून राहिलो व्हतो. पारूबाई खाली वाकून वाटीनं पानी भरत व्हती, म्या घागर धरली व्हती. वरून आवाज आला. म्या म्हनलं, मोटार आली असंल. तिनं वर पायलं आन् मला धक्का दिला कडंकडं. 'सखू, वर व्हय,' म्हनली. म्या करंजाची मुळी धरली. ती खड्ड्यात व्हती, तिला पाय काढता आला न्हाई. पानी कमरंएवढं बी नव्हतं साहेब, पर लई जोरात व्हतं. दगडं घेऊन आलं."

हाकिमांनी विचारलं, पाणी सोडण्याआधी घंटा, भोंगा, हाक, काही दिलं होतं का? शेठजींच्या कंपनीचा माणूस रतनसिंग उभा राहिला. त्यानं सांगितलं, यंत्राचा पट्टा तुटला, चाक थांबलं, पाट फुटू नये म्हणून पाणी पात्रात सोडायचा दरवाजा उघडावा लागला, आणि पूर्वसूचना देण्याची परवान्यात अट नाही. तो खोटं बोलत नव्हता. परवान्यात अट नाही.

मग हाकिमांनी तुला बोलावलं. त्यांनी प्रश्न विचारला आणि तो मी मराठीत तुला विचारला. माझ्या तोंडानं विचारला. "इश्तेहार लागला तेव्हा त्याचा मतलब तुम्हाला कोणी समजावून सांगितला होता का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहायला हवं होतं, पण नजर हलली नाही. मग हाकिमांकडे वळून म्हणालास, "न्हाई साहेब. कोनी न्हाई सांगितलं."

आणि मी ते उर्दूत सांगितलं. "जी नहीं, किसी ने नहीं समझाया." माझा आवाज कापलाही नाही. नऊ अधिक दोन वर्षं हेच काम केलंय मी, दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडानं बोलायचं.

मग कंपनीच्या वकिलानं चावडीवरच्या कागदाची नक्कल पुढे केली. खाली मराठी, पटवाऱ्याची सही, लागल्याची तारीख. गावाला जाहीर सूचना होती, मुदतीत हरकत आली नाही, सबब कंपनीचा दोष नाही, मयत बाई स्वतःच्या जोखमीवर पात्रात उतरली. असं टिपण झालं. ते टिपणही मीच मराठीत वाचून दाखवलं.

बाहेर मी तुला गाठलं. तू बैल जुंपत होतास. मी म्हटलं, "उकंडा, माझं पत्र तुझ्याकडे होतं. तू ते का दाखवलं नाहीस?"

तू जू सरळ करत म्हणालास, "हाय पेटीत. पारूनं ठेवलं व्हतं. तिला वाटायचं, मास्तरच्या सुर्यानं लिवलंय म्हंजी सरकारीच कागुद, सांबाळून ठेवावा."

मी म्हटलं, "दाखवायचं होतंस."

तू म्हणालास, "दाखवून काय झालं असतं? तुमची नोकरी गेली असती. ती काय परत आली असती व्हय? एक घर बसलं, दुसरं काहून बसवू? तुमी घरी जा. विजयाबाई वाट बघत असतील."

तुला सगळं ठाऊक होतं. नक्की काय ठाऊक होतं ते मला माहीत नाही. तुला कदाचित वाटत असेल की मी घाईत तर्जुमा केला, माझ्याकडून राहून गेलं. तसं वाटून तू मला वाचवलंस, तर ते वाचणंही मी तुझ्याकडून चोरलेलं आहे. म्हणून आता लिहितो.

राहून गेलं नाही. मी वगळलं.

त्या इश्तेहारात सातवं कलम होतं. उर्दूत सहा ओळी. ते असं: कार्तिकापासून पाऊस लागेपर्यंत बंधारा ते यंत्रघर या दरम्यानच्या पात्रात पाणी सोडण्यास परवानाधारक बांधील राहणार नाही. यंत्र बंद पडल्यास पाटातील पाणी पूर्वसूचना न देता सदर पात्रात सोडण्याची त्यास मुभा राहील. पात्रात ये-जा करणाऱ्यांच्या जीविताची जबाबदारी त्याजवर राहणार नाही.

मी हे सगळं मराठीत उतरवलं होतं. पहिल्या मसुद्यात आहे. हेडक्लार्कांनी तो मसुदा पाहिला, सातव्या कलमावर पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "एवढं लांब कशाला? 'पाण्याची व्यवस्था खात्याच्या नियमाप्रमाणे राहील' एवढं पुरे. लोकांना वाचायलाही सोपं." मी म्हटलं, "अर्थ बदलतो." ते हसले. म्हणाले, "सूर्यकांतराव, तुमचा कायमचा कागद साहेबांच्या मेजावर आहे. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी फक्त पेन्सिल फिरवली आहे, शाई तुमची."

शाई माझी. तो माणूस त्या एका वाक्यात खरं बोलला.

इश्तेहार चावडीवर लागला आणि थोड्याच दिवसांत तुझं पत्र आलं, वहिनींचा प्रश्न घेऊन. तेव्हा अजून दोन महिने होते. कचेरीचं सोड, तुला एक ओळ लिहून पाठवता आली असती: उकंडा, हरकत घे. त्याऐवजी मी काय लिहिलं ते तुझ्या पेटीत आहे. डोह कुठे पळून जातोय, असं लिहिलं. आणि मुदत मुद्दाम फसली महिन्यात ठेवली, म्हणजे तुला कळू नये. खुर्दादची पंधरावी म्हणजे चैत्रातला शेवटचा आठवडा. तो गेला त्या दिवशी मी कचेरीत बसून होतो. गावाकडून कोणी येतंय का म्हणून दाराकडे बघत होतो. कोणी आलं नाही आणि मला हायसं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, विजयालाही नाही.

हरकत आली असती तर काय झालं असतं, तेही तुला कळू दे. त्याच वर्षी खाली दुसऱ्या एका बंधाऱ्यावर अशीच दरखास्त होती. तिथल्या लोकांनी हरकत घेतली. इंजिनियर साहेब स्वतः घोड्यावरून मुआयन्याला, पाहणीला गेले, पात्रात उतरून फिरले, आणि परवान्यात अट घातली गेली: बारमाही एक वीत पाणी पात्रात सोडायचं आणि दरवाजा उघडण्याआधी पाव तास घंटा वाजवायची. साहेब वाईट माणूस नाही. त्याला कोणी सांगायला हवं होतं. त्या अटीचाही तर्जुमा मी केला होता, उकंडा. माझ्याच हातानं.

चौकशीनंतर अकरा दिवस मी कचेरीत गेलो. रोज घरी येऊन जेवलो. बाराव्या दिवशी सकाळी विजया दिव्याची वात कापत होती. आमच्या गल्लीत अजून वीज नाही. ती सहज म्हणाली, "पारूवन्संनी दिलेली हळद संपली आता." बस, एवढंच म्हणाली. मी ताट सारलं आणि तिला सगळं सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली. मला वाटलं, रडेल, नाहीतर म्हणेल की आता झालं ते झालं, गप्प राहा, आपलं काय होईल. ती म्हणाली, "मी पेढे वाटले होते." आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं माझा धुतलेला सदरा घेऊन बाहेर आली. "परभणीची गाडी दुपारची आहे ना?"

मी गेलो. हाकिमांपुढे पहिला मसुदा ठेवला. हेडक्लार्कांची पेन्सिल त्यावर अजून दिसते. मी तो का जपून ठेवला होता, मला माहीत नाही. स्वतःला वाचवायलाच असेल. शेजारी चावडीवरची नक्कल ठेवली. माझी लेखी जबानी दिली, उर्दूत आणि मराठीत, दोन्हीत सारखी. हाकिमांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "आप समझते हैं इसका नतीजा?" मी म्हटलं, "जी." ते म्हणाले, "उस रोज क्यों नहीं कहा? वह आदमी आपके सामने खड़ा था." मी मसुदा त्यांच्याकडे सरकवला आणि त्यांनी लेखणी उचलली.

नतीजा असा. मला त्याच दिवशी कामावरून काढलं. माझ्यावर खटला होईल की नाही ते वर ठरेल. हेडक्लार्कांना फक्त जबाब मागितला आहे, ते म्हणतात पेन्सिलीला काय अर्थ असतो. त्यांचं काही होईल असं मला वाटत नाही. शेठजींचे दिवे चालू आहेत. पण सातवं कलम तहकूब झालं. फेरसुनावणी होईपर्यंत रोज सकाळी दोन तास पात्रात पाणी सोडायचं आणि दरवाज्यावर माणूस बसवून घंटा वाजवायची, असा हुकूम निघाला आहे. उद्या-परवा तुम्हाला नदीत पाणी दिसेल. वहिनींनी विचारलं होतं त्याचं उत्तर दोन वर्षं तीन महिन्यांनी आलं. ते वाचायला त्या नाहीत.

फेरसुनावणी तुमच्याच चावडीवर आहे, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, सोमवारी, सकाळी. महिना मराठी लिहिला आहे, नीट वाच. अकराही कलमं मराठीत उतरवून सोबत जोडली आहेत, एकही शब्द सोडलेला नाही. सगळ्यांना वाचून दाखव. काय मागायचं ते तुम्ही ठरवा. पाणी मागा, घंटा मागा, वाटलं तर परवानाच रद्द करा म्हणा. गावातल्या बायांना बोलायला लावा. सखुबाईला पुढे कर, तिच्याइतकं नीट कोणालाही सांगता येणार नाही.

दुभाषा म्हणून दुसरा माणूस येईल. मीही येणार आहे. कचेरीचा माणूस म्हणून नाही, बोलावलं म्हणूनही नाही. आदल्या दिवशी चालत येईन, गाडी पाठवू नकोस. चावडीवर सगळ्यांसमोर उभा राहून हे जे तुला लिहिलं ते सांगेन. लोक काय करतील ते करोत.

एक विनंती आहे, आणि ती करायचीही मला लाज वाटते. द्वारका बाळंतपणासाठी तुझ्याकडे आली असेल. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. तू एखादी ओळ गाळून मला वाचवशील, किंवा वाचताना माझ्या वतीनं चार शब्द मऊ घालशील, आणि मला ते नको आहे. तिच्या मायबद्दल तिला मी सांगेन, तोंडानं, तिच्यासमोर बसून. ऐकून झाल्यावर तिनं मला मामा म्हणायचं की दारातून उठवायचं, ते तिचं ती ठरवेल. तू मध्ये पडू नकोस.

'लोभ असावा' असं शेवटी लिहायची रीत आहे. तो मागायची माझी लायकी राहिली नाही, म्हणून लिहीत नाही. फक्त सुनावणीच्या आदल्या दिवशी मला घरात घे, तिला सांगून होईपर्यंत.

तुझा आणि पारूवहिनींचा गुन्हेगार,
सूर्यकांत